डोळे चांगले, दिसणे वेगळे

“डॉक्टर, याचा नंबर वाढलाय का बघा. आईचा चेहरा वेगळाच दिसतो म्हणतो.” वीस वर्षांपूर्वी एक वडील आपल्या बावीस वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले होते. मी तक्ता वाचायला लावला. पोराने शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली. डोळे ठणठणीत, अभ्यासाचा ताण असेल, असे सांगून मी टॉनिक लिहून दिले. चूक माझीच. तो स्किझोफ्रेनिया होता आणि निदान व्हायला पुढे वर्ष गेले.

या आजारात कानात आवाज येतात, हे आता अनेकांना ठाऊक आहे. नजरेविषयी कोणी बोलत नाही. डोळा फक्त उजेड टिपतो. चित्र जुळवतो तो मेंदू, तेही जुन्या अनुभवाची भर घालून. जत्रेतला मुखवटा आतल्या बाजूने, एक डोळा मिटून, जरा लांबून पाहा. खोलगट नाक पुढे आलेले दिसेल. चेहरा कधी खोलगट नसतो, हे मेंदूने आधीच ठरवलेले असते. 2009 मध्ये जर्मनी व इंग्लंडमधील संशोधकांनी असाच प्रयोग स्किझोफ्रेनियाच्या काही रुग्णांवर केला, तेव्हा ते सहसा फसले नाहीत. म्हणजे इथे त्यांचेच बरोबर!

पण मेंदूची ही वेगळी जुळणी रोजच्या जगण्यात नडते. चेहऱ्यावरचे भाव नीट उमगत नाहीत. साध्या चेहऱ्यातही राग दिसू शकतो. मग मुलगा आईने वाढलेले ताट दूर सारतो आणि घरचे म्हणतात, नाटक करतोय.

ते नाटक नव्हे. वाद घालू नये, होला हो मिळवू नये. “तुला तसं दिसतंय, भीती वाटत असेल,” एवढे म्हणावे. अंगारेधुपाऱ्यांत महिने घालवू नयेत. औषधे जितकी लवकर सुरू होतील तितके बरे. जिल्हा रुग्णालयात दाखवावे, किंवा टेलि-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर विचारावे.

मात्र तापात, म्हातारपणी किंवा रोजची दारू एकाएकी सुटल्यावर माणसे, किडे दिसू लागले तर कारण बहुधा वेगळे असते. दारू सुटलेल्याला त्याच दिवशी रुग्णालयात न्या, जिवावर बेतू शकते.

तो मुलगा औषधे घेतो, दुकान सांभाळतो. गेल्या वर्षी पुन्हा म्हणाला, नीट दिसत नाही. घरचे घाबरून माझ्याकडे आले. या वेळी खरोखरच चाळिशीचा चष्मा लागला होता.