सेवेचे सोबती

मराठीत ‘मिशनरी’ या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांची गाठ न पडता सुखाने नांदत आले आहेत. पहिला अर्थ धर्मप्रसारासाठी परमुलखातून आलेला पाद्री. या अर्थाने तो शब्द उच्चारताना आपल्या स्वरात बहुधा संशय असतो. दुसरा अर्थ ‘मिशनरी वृत्तीने काम करणारा’. या अर्थाने तोच शब्द आपण मानपत्रांत आणि गौरवग्रंथांत निःशंकपणे लिहितो. ही उसनवारी करताना आपण त्या परंपरेतील त्याग घेतला, चिकाटी घेतली, एकांडेपणाचे तेजही घेतले. त्या परंपरेतील तयारी मात्र आपण घेतली नाही. परमुलखात जाऊ इच्छिणाऱ्याला आधी इतर उमेदवारांच्या सोबतीने ठेवले जाई. तेथे भाषा, शास्त्र आणि प्रार्थना शिकता शिकता हा माणूस इतरांसोबत एका छपराखाली राहू शकतो की नाही, याचीही परीक्षा होत असे. आपल्या ‘मिशनरी वृत्ती’च्या कल्पनेत या परीक्षेला जागाच नाही.

मिशनरी परदेशी जातो आणि आपला कार्यकर्ता आपल्याच राज्यात राहतो, असे कोणी म्हणेल. परंतु हा भेद नकाशापुरता आहे. पुण्यामुंबईचा पदवीधर भामरागडला पोहोचतो तेव्हा त्याची मराठी घराघरांतल्या माडियापुढे लंगडी पडते. पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती यांच्या संगमाचा हा मुलूख पावसाळ्यात वर्षानुवर्षे जगापासून तुटत आला आहे. डिसेंबर १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा ते गाव चंद्रपूर जिल्ह्यात होते. गडचिरोली हा वेगळा जिल्हा १९८२ साली झाला. वीज नाही, धड रस्ता नाही, आणि आलेल्या डॉक्टरकडे जावे की पळून जावे हे न ठरवू शकलेले लोक. अशा ठिकाणी राहायला जाणे हे परदेशी जाण्याहून फारसे वेगळे नव्हते.

तेथे जाणाऱ्याने कशाची तयारी करावी? वैद्यक, भाषा, शेती, कायदा, ही उत्तरे उघड आहेत आणि ती बरोबरही आहेत. माझे म्हणणे असे की तयारीचा सर्वांत अवघड आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे आपल्यासोबत तयारी करणाऱ्यांची ओळख करून घेणे. ही ओळख नाव, गाव, शिक्षण विचारून होत नाही. कोण दमल्यावर चिडतो, कोण चिडल्यावर गप्प होतो, कोणाला कौतुकावाचून काम सुचत नाही, कोण आजारपण लपवतो, कोणाच्या तत्त्वनिष्ठेत दुसऱ्याला कमी लेखण्याचा अंश आहे, हे कळायला सहवास लागतो. ज्यांच्यासाठी काम करायचे ते लोक दिवसा भेटतात. दिवसाचे काम संपल्यावर उरतात ती पाचसात माणसे, त्यांचे संसार, त्यांची मुले आणि त्यांच्यातील न बोललेले हिशेब. पाणी कोणी आणायचे, पैसा कोणाच्या हाती असावा, मुलांना शिकायला कोठे पाठवायचे, पाहुणे आले की त्यांच्याशी बोलायला नेहमी एकानेच का बसायचे? सेवेची कामे दारिद्र्यापुढे हरण्याआधी पुष्कळदा या प्रश्नांपुढे हरतात. समाजाविषयीचे प्रेम खरे असले तरी शेजारच्या खोलीतील माणूस सोसवेनासा होतो आणि काम मोडते.

आपल्या सेवासाहित्यात याची नोंद कशी होते, हे पाहण्यासारखे आहे. मराठीत अशा लेखनाची चांगली परंपरा आहे आणि तिच्यातील काही महत्त्वाची पुस्तके चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानाने दिली आहेत. डॉ. प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’ आपण सर्वांनी वाचलेले असते. पण साधनाताई आमटे यांचे ‘समिधा’ आणि विलास मनोहर यांचे ‘नेगल’ ही पुस्तके त्याच्या शेजारी ठेवून कितीजण वाचतात? ही दोन्ही सोबत्यांची पुस्तके आहेत. ‘समिधा’त आनंदवनाकडे पाहणारी नजर स्वयंपाकघरातून, गोठ्यातून, घरच्या आणि आश्रमाच्या जबाबदाऱ्यांच्या मधून पाहते. त्यामुळे बाबांच्या जिद्दीचे मोल काय होते आणि ते कोणी चुकते केले, हे तेथे कळते. ‘नेगल’ वरवर पाहता प्राण्यांचे पुस्तक आहे. नाव बिबट्याचे आहे. पण पुण्यातील बस्तान सोडून हेमलकशाला राहिलेल्या एका माणसाने तेथील दिवसाला आणि माणसांना कसे पाहिले, हेही त्यात आहे. अशी पुस्तके आपण ‘प्रेरणादायी’ या एका शब्दात गुंडाळून कपाटात ठेवतो. त्यांची समीक्षा करीत नाही. समीक्षा केली असती तर एक गोष्ट लक्षात आली असती: नायकाच्या आत्मकथनात सहकाऱ्यांचा उल्लेख कृतज्ञतेने येतो आणि वाचक तेवढा भाग ओलांडून पुढे जातो. दोष लेखकाचा कमी, आपल्या वाचण्याच्या सवयीचा अधिक. आपल्याला संतचरित्र हवे असते. सहजीवनाची गोष्ट आपल्याला पुरत नाही.

वास्तविक गडचिरोलीतील दोन सर्वाधिक ख्यातकीर्त कामांकडे पाहिले तर ती एकेकट्याची कामे नाहीतच. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे, तसेच अभय आणि राणी बंग, या दोन्ही दांपत्यांची ओळख नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील शिक्षणाच्या काळातली. शिकतानाची सोबत पुढे कामाची सोबत झाली. २००८ साली मॅगसेसे पुरस्कार प्रकाश आणि मंदाकिनी या दोघांना मिळून दिला गेला, हे त्या अर्थाने नेमके होते. तरी आपल्या बोलण्यात ‘प्रकाशभाऊंचे काम’ असेच येते. विवाह हा सोबत मिळण्याचा एक मार्ग झाला. परंतु प्रत्येक कामाला असा योग लाभेलच असे नाही, आणि दोघांच्या बळावर पन्नास वर्षांचे काम उभे राहतही नाही. म्हणून सोबती घडवणाऱ्या संस्था हव्यात.

अशी एक संस्था याच मातीत आहे आणि तिचे महत्त्व आपण पुरेसे ओळखलेले नाही. मूल तालुक्यात सोमनाथ येथे बाबा आमटे यांना श्रमिकांचे विद्यापीठ उभारायचे होते. ते विद्यापीठ कल्पनेप्रमाणे झाले नाही; मात्र १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे भरत आलेली श्रमसंस्कार छावणी झाली. ती मे महिन्यात भरते. चंद्रपूरचा मे कसा असतो हे ज्याने अनुभवले त्याला सांगायला नको. ही वेळ शाळा-महाविद्यालयांच्या सुट्टीमुळे निवडली गेली असेल. पण तिचा एक परिणाम असा की उन्हात कोणाचेही सोंग फार वेळ टिकत नाही. बांधावर माती टाकणाऱ्यांची रांग लागते, घमेले हातोहात पुढे सरकते. पुढचा हात पोहोचण्याआधी घमेले सोडले तर माती सांडते, उशिरा सोडले तर रांग अडते. शेजाऱ्याची उंची, त्याचा दम, त्याची लय यांचा अंदाज बोलल्यावाचून घ्यावा लागतो. संध्याकाळच्या व्याख्यानांत जे ऐकले त्यातील थोडेच लक्षात राहते; रांगेत शेजारी कोण होते ते विसरत नाही. १९८५-८६च्या ‘भारत जोडो’ सायकलयात्रेसारख्या उपक्रमाला हाक दिल्याबरोबर तरुण मिळाले, त्यामागे अशा छावण्यांतून जुळलेल्या ओळखी होत्या, असे मला वाटते. ‘सर्च’ने २००६ साली सुरू केलेल्या ‘निर्माण’ची शिबिरेही टप्प्याटप्प्याने होतात. ‘मी आयुष्याचे काय करू?’ हा प्रश्न एकट्याने वागवणाऱ्या डॉक्टर-इंजिनियर मुलामुलींना तोच प्रश्न पडलेली इतर मुले शोधग्रामात भेटतात. या उपक्रमाचे मोजमाप किती जण ग्रामीण भागात गेले यावरून केले जाते. ते योग्यच, पण गेलेला माणूस तिसऱ्या वर्षी निराश होऊन रात्री कोणाला फोन करतो, हेही मोजायला हवे. मोजता येत नसेल तर निदान विचारायला हवे.

येथवर माझे म्हणणे गोड वाटण्याची शक्यता आहे, म्हणून त्यातील खड्डाही दाखवला पाहिजे. छावणीतील मैत्रीचा एक धोका असा की ती सारख्यांची सारख्यांशी होते. एकाच वर्गातली, एकाच भाषेतली, एकसारखी पुस्तके वाचलेली मुले एकमेकांत रमतात आणि मग रानात गेल्यावरही त्यांचे बेट तयार होते. ज्यांच्यासाठी आलो ते ‘लोक’, आणि ज्यांच्याशी मनातले बोलतो ते ‘आपण’. सोबत्यांची ओळख जितकी गाढ, तितकी ही भिंत उंच होऊ शकते.

या बाबतीत एका जुन्या मराठी-इंग्रज मैत्रीकडून शिकण्यासारखे आहे. जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. इंग्रज आणि भारतीय यांनी बरोबरीने, साध्या भारतीय राहणीने एकत्र राहावे, हा त्याचा हेतू होता. १९२७ साली ऑक्सफर्डहून व्हेरियर एल्विन या संघात, पुण्याला, आले. तेथे त्यांना शामराव हिवाळे हे मराठी ख्रिस्ती तरुण सोबती म्हणून लाभले. पुढे शामराव धर्मशिक्षणासाठी इंग्लंडला गेले होते. ते अर्धे सोडून ते एल्विन यांच्याकडे परतले आणि १९३२च्या आरंभी दोघे गोंडांच्या मुलखात, मंडला भागातील करंजिया येथे राहायला गेले. गांधींच्या बाजूने उभ्या राहिलेल्या एल्विन यांना परवाना देण्यास नागपूरचे बिशप अलेक्झांडर वुड राजी नव्हते. वुड यांनी स्वतः पूर्वी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, मिशनचे काम केलेले होते. ज्याला या रानाचा अनुभव होता त्याच वडीलधाऱ्याने दार लावले. आणि जो शेजारच्या चटईवर शिकत होता तो बरोबर आला. एल्विन यांनी पुढे चर्च सोडले, शामरावांनी एल्विन यांना सोडले नाही. १९४६ साली एल्विन यांचे चरित्र शामरावांनीच लिहिले, आणि त्याच वर्षी परधानांवरचा त्यांचा स्वतःचा अभ्यासग्रंथही निघाला. एल्विन ईशान्येकडे निघून गेल्यावर शामराव मागे, गोंडांमध्येच राहिले. आज जगाला एल्विन ठाऊक आहेत. शामराव महाराष्ट्रालाही ठाऊक नाहीत. तरी त्या कामाच्या सुरुवातीला दोन समाजांतील दोन माणसे बरोबरीचे शिकाऊ म्हणून भेटली होती, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कोणी कोणाचा मदतनीस म्हणून भरती झालेला नव्हता.

याच एल्विन यांनी १९४७ साली बस्तरच्या मुरियांच्या घोटुलावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यानंतर बाहेरच्यांनी घोटुलाकडे बहुधा चवीने पाहिले. मला त्यातील दुसरी बाजू लक्षणीय वाटते. गावातील तरुण मुलेमुली तेथे झाडलोट करतात, सरपण आणतात, नाचतात, गातात, आपले नियम पाळतात आणि पाळून घेतात. पुढे ज्यांच्यासोबत गाव चालवायचे त्यांची ओळख लग्नाआधी, सत्तेआधी होते. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावात गोटुल ही गावाच्या एकत्र बसण्याची जागा आहे. तेथे निर्णय सर्वसहमतीने घेतात आणि निर्णयाआधी अभ्यासगटात विषय समजून घेतात. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा बाहेरचा कार्यकर्ता त्या अभ्यासगटात इतरांसारखाच एक शिकणारा होता. देवाजी तोफा आणि गावकरी हेही शिकणारे होते. २००९ साली या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अशा हक्कांची वाट उघडणाऱ्या पहिल्या गावांत त्याचे नाव आले, त्यामागे वर्षानुवर्षांचे हे एकत्र शिकणे आहे.

म्हणून प्रश्न एवढाच उरतो की सहशिक्षार्थी म्हणून आपण कोणाला मोजतो. गडचिरोलीच्या खेड्यांत घरोघर जाऊन नवजात बाळे वाचवणाऱ्या आरोग्यदूत स्त्रिया आपण ‘प्रशिक्षित केलेल्या’ म्हणतो. त्यांच्याकडून डॉक्टर काय शिकले, याचे प्रकरण आपल्या पुस्तकांत लहान असते. हेमलकशाच्या शाळेत शिकलेली माडिया मुले डॉक्टर, शिक्षक झाली आहेत. त्यांना आपण अजून कामाचे ‘फलित’ म्हणून व्यासपीठावर आणतो. ती फलित नव्हेत, पुढच्या कामाचे सोबती आहेत.

सेवेच्या तयारीची शिबिरे घेणाऱ्यांना म्हणूनच दोन सूचना कराव्याशा वाटतात. एक, शिबिरार्थींच्या यादीत त्याच मुलखातील गोंड-माडिया तरुणतरुणी निम्म्याने असाव्यात, आणि त्यांनी पाहुण्यांना जंगल दाखवण्यासाठी नव्हे तर त्याच प्रश्नांवर, त्याच रांगेत, घमेल्याला हात लावून शिकण्यासाठी यावे. भाषेची अडचण येईल. ती यावीच, पुढे आयुष्यभर येणार असलेली अडचण आठ दिवस आधी आली तर बरेच. दुसरी सूचना लिहिणाऱ्यांना. अनुभवकथनातील शेवटची आभाराची पाने पुस्तकाच्या मधोमध आणा. कोणाशी पटले नाही, कोण सोडून गेले, का गेले, कोण मुकाट्याने राहिले, हे मोकळेपणाने लिहा. उद्या निघणाऱ्या विशीतल्या मुलीला तुमच्या धैर्याची कथा दोन दिवस पुरेल. सोबत्यांसोबत कसे राहिलात याची हकिकत तिला पुष्कळ अधिक काळ उपयोगी पडेल.