सोडतीनंतरचा हिशेब

सिडकोने जानेवारी २०२५ मध्ये तळोज्यातल्या अत्यल्प उत्पन्न गटाच्या घराची किंमत जाहीर केली: सुमारे २५ लाख रुपये. पंतप्रधान आवास योजनेचे अडीच लाखांचे अनुदान वजा करा, तेवढेच पदरचे घाला. उरलेल्या २० लाखांवर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी महिन्याचा हप्ता १७ हजारांवर जातो. महिना २५ हजार कमावणाऱ्या घरात मग किराणा, शाळेची फी, औषधपाणी कशातून व्हायचे? वर देखभाल खर्च आहेच. मुळात एवढ्या पगारावर बँक इतके कर्ज सहसा देतच नाही. घराची किंमत बाजारभावाशी ताडून ‘स्वस्त’ ठरवणे आम्हाला मान्य नाही. ती पगाराशी ताडा. आणि भाड्याची सरकारी घरेही बांधा.