प्रयोगशाळेच्या दाराबाहेरची जावा

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष, कला



संगणकाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत ज्या प्रोग्रॅमला वीसपैकी अठरा गुण मिळतात, तो प्रोग्रॅम शेजारच्या गावातील संगणकावर सुरूसुद्धा होत नाही, ही गोष्ट आपल्यापैकी कितीजणांच्या लक्षात आली आहे? माझ्या मते तो प्रोग्रॅम अपुरा आहे आणि त्याला अठरा गुण देणारी परीक्षाही अपुरी आहे. हे विधान थोडे धिटाईचे आहे याची मला जाणीव आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने अशा विषयावर लिहावे, हेही काहींना खटकेल. परंतु नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आम्हांला दुसऱ्या शाखेचाही एखादा विषय निवडावा लागतो. मी संगणक निवडला आणि जावा ही भाषा वाट्याला आली.

घरी हे नाव सांगितले तेव्हा मोठी गंमत झाली. आजीच्या मते जावा म्हणजे एका घरात नांदणाऱ्या दोघी; त्यांच्याविषयी कॉलेजात शिकवण्यासारखे काय आहे, हे तिला समजेना. वडिलांना मैसूरला तयार होणारी जुनी मोटरसायकल आठवली. फक्त काकांनी बरोबर ओळखले. त्यांच्या जुन्या नोकियाच्या फोनमध्ये जावाचे खेळ असत आणि पारोळ्याच्या बाजारात दहा रुपये दिले की दुकानदार आणखी चार खेळ भरून देई. म्हणजे जावाची आमच्या घराशी ओळख माझ्या आधीची होती, आणि तीही कोणत्याही प्रयोगशाळेवाचून.

ही भाषा अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जन्मली. जेम्स गॉसलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये कामाला सुरुवात केली आणि १९९५ च्या मे महिन्यात ती जगापुढे आली. (२०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनीच विकत घेतली.) त्या वेळी जावाने एक वचन दिले होते: एकदा लिहा, कुठेही चालवा. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे निरनिराळी भाषा समजतात. जावाने मधला मार्ग काढला. आपण लिहिलेल्या मजकुराचे प्रथम बाइटकोड नावाच्या एका मधल्या रूपात भाषांतर होते. ते रूप वाचून त्या त्या यंत्राला समजेल असे सांगणारा एक वाचक प्रत्येक यंत्रावर बसवलेला असतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात.

कला शाखेच्या मित्रांना हे मोडी लिपीवरून चटकन समजेल. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात मोडी कागद जतन केलेले आहेत. खानदेशात अनेक घरांतल्या पेट्यांतही जमिनीचे, देण्याघेण्याचे तसे कागद निघतात. कागद शाबूत असतो, शाई शाबूत असते, अक्षर वळणदार असते; पण मोडी वाचणारा घरात कोणी उरलेला नसतो. मग त्या कागदाचा घरच्यांना काय उपयोग? जावाच्या प्रोग्रॅमचेही असेच आहे. फाइल सोबत नेता येते, पण तिचा वाचक दुसऱ्या गावी असेलच असे नाही.

आमच्या प्रयोगशाळेत ही अडचण दिसत नाही, कारण तिथे आम्ही नेटबीन्समध्ये काम करतो. प्रोग्रॅम लिहिण्याची, तपासण्याची, चालवण्याची सगळी सोय त्यात एकत्र आहे. वर एक हिरवा बाण असतो. तो दाबला की वाचक हजर, लागणारी ग्रंथालये हजर, चित्रांचे फोल्डर हजर. आखाजीला माहेरी आलेल्या मुलीच्या ताटात जसे न मागता वाढले जाते, तसा हा प्रकार. विद्यार्थी बाण दाबतो, पडद्यावर खिडकी उघडते, परीक्षक मान डोलावतात. त्या बाणामागे काय काय घडले, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

आमच्या वर्गातल्या पाच जणांच्या गटाने अहिराणी शब्दांची नोंद करणारा एक छोटा प्रोग्रॅम तयार केला होता. शब्द लिहायचा, त्याचा मराठी अर्थ लिहायचा, कोणत्या गावी ऐकला ते लिहायचे, जतन करायचे. परीक्षेत त्याचे कौतुक झाले. आखाजीला गावोगावच्या लेकी माहेरी येतात, झोक्यावर गाणी म्हणतात. तेव्हा पारोळा तालुक्यातल्या एका गावी जाऊन शब्द गोळा करायचे ठरले. शिकवल्याप्रमाणे सगळे फोल्डर पेनड्राइव्हवर घेतले. गावात अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानात संगणक होता. तिथे नेटबीन्स नव्हते, म्हणजे हिरवा बाणही नव्हता. पाचही जण त्या फोल्डरकडे पाहत राहिले.

धुळ्याला अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका मित्राला फोन केला. त्याने सांगितले की जार नावाची एकच गाठोडीवजा फाइल करावी लागते आणि कोणत्या वर्गापासून सुरुवात करायची हे तिच्या आतल्या एका कागदावर, मॅनिफेस्टमध्ये, लिहावे लागते. काकांच्या फोनमधले खेळही अशाच जार फाइली होत्या, हे तेव्हा कळले! दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन जार केली आणि पुन्हा गाव गाठले. आता दुसरीच तक्रार आली. दुकानातली जावा होती आठव्या आवृत्तीची, प्रयोगशाळेतली सतराव्या. जुना वाचक फाइलीचा ५२ पर्यंतचा क्रमांक वाचतो. आमच्या फाइलीचा क्रमांक होता ६१. दुकानदाराला विचारले, नवी जावा बसवू का? तो नाही म्हणाला. ई-निविदेच्या कामासाठी जुनी जावा त्याने मोठ्या खटपटीने बसवून घेतली होती. ती बिघडली तर ठेकेदारांना काय सांगायचे? त्याचे म्हणणे रास्तच होते.

शेवटी एकाने नात्यातला लॅपटॉप मागून आणला. त्यावर प्रोग्रॅम चालू झाला, पण वरचे चित्र दिसेना. चित्राच्या फाइलीचे नाव मोठ्या अक्षराने सुरू होत होते आणि प्रोग्रॅममध्ये ते लहान अक्षराने लिहिले होते. विंडोजला हा फरक चालतो, जारच्या आत चालत नाही. चित्राचे काही विशेष नाही, त्यावाचून अडले नाही. दोन दिवस बायका ओट्यावर बसून शब्द सांगत होत्या आणि आमच्यातली एक मुलगी ते लिहीत होती. पडद्यावर देवनागरी स्वच्छ दिसत होती. नव्वदच्या वर शब्द झाले.

घरी येऊन यादी उघडली तेव्हा सगळीकडे प्रश्नचिन्हे होती. आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. दोन्ही शब्दांच्या जागी पाच पाच प्रश्नचिन्हे उभी होती आणि त्यांत मुलगा कोणता, मुलगी कोणती, हे ओळखण्याचा कोणताही मार्ग नव्हता. अर्थही गेले, गावांची नावेही गेली.

याचे कारण पुढे समजले. विंडोजवर जावा जतन करताना, वेगळे काही सांगितले नाही तर, जी अक्षरपद्धती वापरत असे तीत युरोपातील लिप्यांपुरती जागा होती. देवनागरी अक्षर तीत मावत नाही, म्हणून त्याच्या जागी प्रश्नचिन्ह टाकले जाते. खूण नव्हे, अक्षरच बदलले जाते. नंतर ते परत आणता येत नाही. नेटबीन्स मात्र प्रोग्रॅम चालवताना यूटीएफ-८ ही सर्व लिप्यांची पद्धती स्वतःहून लावून देते. त्यामुळे प्रयोगशाळेत 'आंडोर' लिहिले की 'आंडोर'च जतन होई. मार्च २०२२ मध्ये आलेल्या अठराव्या आवृत्तीपासून जावाने यूटीएफ-८ हीच मूळ पद्धती केली. तोवर प्रोग्रॅममध्ये एक शब्द जास्त लिहून हे टाळता येत होते, आणि जिथे जुन्या आवृत्त्या आहेत तिथे आजही तोच उपाय आहे. इंग्रजीत काम करणाऱ्याला हा प्रश्न जन्मात पडणार नाही. मराठी-अहिराणीत काम करणाऱ्याला पहिल्याच दिवशी पडतो. मग आमच्या मराठी मुलुखातल्या अभ्यासात तो पहिल्या दिवशी का येऊ नये?

यावर काही प्राध्यापक म्हणतात की अभ्यासक्रम तर्क शिकवण्यासाठी आहे; फाइली बांधणे, पोहोचवणे हे कारागिराचे काम आहे, ते नोकरी लागल्यावर आपोआप येते. हे म्हणणे मला पूर्णपणे पटत नाही. ज्याच्या घरी संगणक आहे, मोठा भाऊ पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे, त्याला ते आपोआप येत असेल. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. मला संगणक भेटतो तो आठवड्यातून दोन तास, कॉलेजच्या खोलीत. त्या खोलीत जे शिकवले जाणार नाही ते मला दुसरीकडे मिळण्याचा संभव फार थोडा. आणि त्या खोलीत केलेले काम गावी नेता आले नाही, तर वडिलांना मी दाखवणार काय? गुणपत्रिका?

शिवाय बाहेरच्या जगात जावाचे खरे जीवन त्या बाणावाचूनच चालू असते. जळगाव-धुळ्याच्या कर सल्लागारांना विचारा. आयकर खात्याने अनेक वर्षे विवरणपत्रासाठी एक्सेलबरोबर जावाचाही प्रोग्रॅम दिला होता. २०२१ मध्ये नवे संकेतस्थळ आले तेव्हा ती पद्धत बदलली. टीडीएसच्या विवरणपत्राची फाइल तपासणारा प्रोग्रॅम तर जावावरच चालतो. ई-निविदेवरच्या डिजिटल स्वाक्षरीसाठी ठेकेदारांनी आपापल्या संगणकांवर जावा बसवून घेतली. पूर्वी जावाची अशी कामे ब्राउझरच्या आतच होत. क्रोमने २०१५ मध्ये व फायरफॉक्सने २०१७ मध्ये ती सोय काढून टाकली, तेव्हा ती दुसऱ्या रीतीने करावी लागली. यांपैकी एकाही कार्यालयात नेटबीन्स नसते. कोणीतरी कुठेतरी बसून तो प्रोग्रॅम अनोळखी यंत्रावर चालेल असा बांधला, म्हणून तो तिथे चालतो.

कोणी म्हणेल, आता सगळे मोबाइलवर आणि इंटरनेटवर आले, जार कोण वापरतो? पण इंटरनेटवरचा प्रोग्रॅमही दूरच्या कुठल्यातरी यंत्रावर चालतच असतो, आणि तेही यंत्र लिहिणाऱ्याच्या टेबलावरचे नसते. आणि आमच्या गावात पावसाळ्यात नेट किती वेळ असते, हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट मौजेची आहे. ज्या नेटबीन्सच्या बाणावर आम्ही विसंबतो, ते स्वतः प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये केलेले एक विद्यार्थी-काम होते. ते त्यांनी कॉलेजाबाहेर काढले म्हणून सनने ते १९९९ मध्ये विकत घेतले आणि म्हणून ते आज आमच्यापर्यंत पोहोचले. दूर कशाला, विप्रो ही कंपनी १९४५ साली आमच्याच जिल्ह्यात, अमळनेरला, वनस्पती तुपाच्या धंद्यासाठी निघाली. संगणकाकडे ती पुढे वळली. तेव्हा हे आपले काम नव्हे, असे खानदेशच्या मुलाला कोणी सांगू नये.

माझी मागणी फार मोठी नाही. प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याने आपले काम पेनड्राइव्हवर आणावे आणि ज्या यंत्रावर ते लिहिले नाही अशा यंत्रावर, नेटबीन्स न उघडता, परीक्षकांसमोर चालवून दाखवावे. वीसपैकी पाच गुण याला ठेवावेत. देवनागरीतले एक वाक्य जतन करून, प्रोग्रॅम बंद करून, पुन्हा उघडून दाखवणे सक्तीचे असावे. यासाठी नवे यंत्र घ्यायला नको, खर्च नको. वाचकाची अडचणही आता उरलेली नाही. मार्च २०२१ मध्ये आलेल्या सोळाव्या आवृत्तीपासून जेपॅकेज नावाचे एक पक्के साधन जावाच्या सोबतच मिळते. ते प्रोग्रॅम आणि त्याचा वाचक एकाच फोल्डरमध्ये बांधून देते. समोरच्या यंत्रावर जावा असो वा नसो, जुनी असो वा नवी, तिला हात लावावा लागत नाही. दुकानदाराची भीती त्यामुळे मिटते. एवढेच की विंडोजसाठीचे गाठोडे विंडोजवरच बांधावे लागते आणि लिनक्ससाठीचे लिनक्सवर. एकदा लिहा, कुठेही चालवा हे वचन तेवढ्यापुरते थोडे वाकते. फाइल जड होते हेही खरे, तरी साध्या पेनड्राइव्हवर ती सहज मावते.

आमच्या गटाने शब्दांचा प्रोग्रॅम तसा बांधून घेतला आहे. अक्षरपद्धतीचे नाव त्यात आता स्पष्ट लिहिले आहे आणि त्याच दुकानातल्या जुन्या संगणकावर तो चालवून पाहिला आहे. शब्द मात्र नव्याने जमवावे लागणार. ज्यांनी ते सांगितले त्यांच्यातल्या पुष्कळजणी सुरतेला राहतात, दोघी नाशिकला. पुढच्या आखाजीला त्यांतल्या किती येतील, हे मुलांच्या सुट्ट्यांवर आणि सुरत-भुसावळ गाडीच्या गर्दीवर अवलंबून आहे.