खंड पावसाचा, तहान पिकाची

ऑगस्ट २०२३ हा देशातील १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या महिन्यात पाऊस सरासरीपेक्षा सुमारे ३६ टक्के कमी पडला. मराठवाड्यात सोयाबीन फुलोऱ्यात आणि शेंगा धरण्याच्या अवस्थेत असतानाच पावसाने दडी मारली. पुढे राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या काळात पीकविम्याच्या चर्चेत एकच आकडा गाजला, तो म्हणजे २१ दिवसांचा खंड. पण खंड सगळ्या गावाला सारखाच असतो, तरी एका रानातले सोयाबीन तग धरते आणि बांधापलीकडचे माना टाकते. हा फरक मातीमुळे पडतो.

मुसळधार पाऊस थांबल्यावर जास्तीचे पाणी निचरून जाते आणि जमीन वाफशावर येते. तेव्हा मुळांना पाणी सहज मिळते. जमीन वाळू लागली की उरलेले पाणी मातीच्या कणांना घट्ट धरून राहते आणि ते ओढून घ्यायला मुळांना अधिक जोर लावावा लागतो. वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १५ पट ओढीपर्यंत बहुतेक पिके पाणी घेऊ शकतात. त्यापुढे जमिनीत ओल असूनही पीक कायमचे कोमेजते. म्हणूनच नुसता ओलाव्याचा टक्का फसवा ठरतो. चिकण काळ्या मातीत २० टक्के ओलावा असतानाही पीक सुकू शकते, तर वाळूसर मातीत त्याहून कमी ओलाव्यावर ते टवटवीत दिसते. तरीही खोल काळी जमीन एकूण पाण्याचा साठा मोठा करते, म्हणून खंडात ती जास्त दिवस साथ देते. उथळ मुरमाड रानाची शिदोरी लवकर संपते.

पीक सुकताना दिसण्याआधीच नुकसान सुरू झालेले असते. पाणी कमी पडू लागले की मुळांकडून पानांना रासायनिक इशारा जातो आणि पानांवरची सूक्ष्म छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, मिटू लागतात. त्यामुळे पाणी वाचते, पण त्याच छिद्रांतून येणारा कार्बन डायऑक्साइडही अडतो आणि अन्न तयार होणे मंदावते. फुलोऱ्यात हे घडले तर फुले गळतात आणि दाणे भरताना घडले तर ते बारीक राहतात. पुढे चांगला पाऊस झाला तरी गळलेली फुले परत येत नाहीत. त्यामुळे पेरणीनंतर लगेच पडलेला २१ दिवसांचा खंड आणि फुलोऱ्यातला तेवढाच खंड यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत पावसाबरोबर जमिनीतील ओलाव्याचाही निकष आहे. प्रश्न मोजण्याचा आहे. ‘नासा’चा ‘स्मॅप’ उपग्रह वरच्या सुमारे ५ सेंटीमीटर थरातील ओलावा टिपतो, पण सोयाबीनची मुळे त्याहून बरीच खोल जातात. शिवाय उपग्रहाच्या एका चौकटीत अनेक शिवारे येतात. तेव्हा उपग्रहाच्या नोंदीला गावातील मातीचा प्रकार, तिची खोली आणि पिकाची अवस्था यांची जोड दिली, तरच नुकसानीचा अंदाज रानाच्या जवळ जाईल.

शेतकऱ्याला मात्र एक साधी खूण वापरता येते. दुपारी मरगळलेली पाने पहाटे पुन्हा ताठ झाली, तर मुळांना अजून पाणी मिळते आहे. पहाटेही ती लोंबलेली असतील, तर संरक्षित पाणी देण्याची वेळ जवळजवळ निघून चालली आहे. विहिरीत किंवा शेततळ्यात पाणी असेल, तर ते फुलोऱ्यात देणे मोलाचे ठरते. ज्यांच्याकडे तेही नाही, त्यांच्यासाठी ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ ही जुनी म्हण आजही खरी आहे. हलक्या कोळपणीने भेगा बुजतात, तण निघते आणि जमिनीतली ओल आणखी काही दिवस पिकाच्या कामी येते.