वळचणीचे पाणी

‘आढ्याचे पाणी शेवटी वळचणीला’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. माणूस कितीही उंच गेला, कितीही फिरला, तरी अखेर ठरल्या जागी येतो, असा मोठा अर्थ आपण तिला लावतो. पण ज्या कुणी ही म्हण पहिल्यांदा उच्चारली असेल, त्याला छपराची चांगली माहिती असली पाहिजे. पाणी वळचणीला येते एवढे त्याने सांगितले. आल्यानंतर त्याचे काय करायचे, हे मात्र म्हण सांगत नाही. ते ज्याचे त्याने पाहायचे असते. या लेखात मी तेवढ्यावरच लिहिणार आहे. माझा विषय आहे घराची पन्हळ आणि घरापुढची नाली.

वार्षिकांकात हा विषय पाहून काही मित्रांना हसू येईल. इथे कविता याव्यात, प्रवासवर्णने यावीत, फार तर ‘युवक आणि राष्ट्र’ असा लेख यावा. नालीचे इथे काय काम? 2023 सालच्या जुलैपर्यंत मीही असाच हसलो असतो.

आमचे घर यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आहे. पुढचा भाग कवेलूंचा, मागचा टिनांचा. दोन्ही छपरांचे उतार जिथे एकमेकांना भेटतात, तिथे पत्र्याची एक पन्हळ आहे. आबाजी होते तोवर रोहिणी नक्षत्र लागले की ते शिडी लावत, वर चढत आणि पन्हळीतला वर्षभराचा पाला घमेल्यात भरून खाली देत. खाली घमेले धरायला मी असे. मग ते वरून एक बादली पाणी ओतत आणि ते दुसऱ्या टोकाला सरळ पडते की नाही, ते डोळे बारीक करून पाहत. म्हणत, “पान्याले वाट द्या लागते. नाई देल्ली, त थे आपली वाट लावते.”

आबाजी गेले आणि ते काम कुणाचेच राहिले नाही. आई-बाबा पेरणीच्या धावपळीत, मी कॉलेजात. 16 जुलैला रविवार होता. आजी म्हणाली, “बापू, पन्हयीत पाला साचला हाय. मोठा पाऊस येन्याआंधी काढून टाक.” मी “हो” म्हटले आणि मोबाइलमध्ये डोके घातले. तिने दुपारी पुन्हा सांगितले. मी पुन्हा “हो” म्हटले. अर्ध्या तासाचे काम होते.

21 जुलैच्या रात्री पाऊस सुरू झाला आणि थांबेचना. निंबाचा पाला आणि लिंबोळ्या यांचा पन्हळीच्या तोंडाशी गच्च बोळा बसला होता. पन्हळ भरली आणि पाणी आतल्या बाजूने कोठीच्या मातीच्या भिंतीच्या माथ्यावर उतरू लागले. पहाटे ती भिंत बसली. वर्षभराच्या खाण्याची तूर चिखलात गेली. आजीची खाट त्याच भिंतीला लागून असते. वासरू ओरडत होते म्हणून ती उठून गोठ्यात गेली होती. ती खाट मी नंतर मातीखालून ओढून काढली. त्या वेळी माझ्या हातापायांत जे कापरे भरले, ते अजूनही पावसाचा आवाज वाढला की भरते.

त्याच दिवशी महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढले होते. तिथल्या लोकांच्या सुटकेसाठी वायुसेनेच्या हेलिकॉप्टरला बोलवावे लागले. यवतमाळ शहरातही वस्त्यावस्त्यांत पाणी शिरले. त्या लोकांच्या हालांपुढे आमची एक भिंत म्हणजे काहीच नव्हे. पुढे पंचनामा झाला. कारण लिहिले गेले, ‘अतिवृष्टी’. खोटे नव्हते, पण ते अर्धेच कारण होते. आमच्या शेजारच्या काकांचे घर आमच्या घराहून जुने, भिंती तशाच मातीच्या, पाऊसही तोच. त्यांची पन्हळ मृगाच्या आधीच साफ झाली होती. त्यांचे घर उभे राहिले. उरलेले अर्धे कारण कोणत्याही कागदावर आले नाही. ते मी इथे लिहितो आहे.

महिन्याभराने, 23 ऑगस्टला, चांद्रयान-3 चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. घरी तेव्हा पडक्या भिंतीच्या जागी ताडपत्री फडफडत होती. देशाच्या पराक्रमाचा मला अभिमान आहे. पण ज्याला चंद्र दिसतो, त्याला आपल्या छपराचा कोपराही दिसायला हवा, असे त्या संध्याकाळी वाटून गेले.

आता जरा हिशेब पाहू. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. पन्नास चौरस मीटरच्या लहानशा घरावर पन्नास मिलिमीटर पाऊस झाला, तर अडीच हजार लिटर पाणी होते. दोनशे लिटरचे साडेबारा ड्रम! आमच्याकडे आषाढात एवढा पाऊस कधी कधी तासा-दोन तासांत कोसळतो. हे सगळे पाणी मुठीएवढ्या तोंडातून बाहेर जावे, अशी आपली अपेक्षा असते. जंगलाकाठच्या गावांत तर सागाचे एकच पान ते तोंड बंद करायला पुरेसे असते. यवतमाळात सागाला तोटा नाही.

वाट न मिळालेले पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडते. आपली जमीन काळी. ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात हात भेगा पडतात. वावरात ही माती कपाशीला मानवते, पण घराच्या पायाला तिचे हे फुगणे-आकसणे सोसत नाही. एका कोपऱ्यात पन्हळीचे पाणी सतत पडत असेल, तर तेवढाच कोपरा फुगतो, बाकीचा पाया जागेवर राहतो, आणि भिंतीवर तिरपी भेग उमटते. मग आपण गवंड्याला दोष देतो, सिमेंटला दोष देतो. वर मान करून पन्हळीकडे कुणी पाहत नाही.

शहरातल्या मित्रांनी ‘आमच्याकडे स्लॅब आहे’ असे समाधान मानू नये. स्लॅबवरही पाणी जायला पाइप असतो आणि त्याच्या तोंडावर जाळी असते. त्या जाळीवर पाला, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि पतंगाचे कागद अडकतात. साचलेले पाणी बारीक चिरांतून आत झिरपते, लोखंडी सळया गंजतात, गंजून फुगतात आणि एक दिवस छताचा पोपडा खाली येतो. मातीचे घर निदान एका रात्रीत सांगून मोकळे होते. स्लॅब कित्येक वर्षे काहीच कळू देत नाही.

दुसरी गोष्ट आजाराची. डेंग्यूचा डास घाण गटारापेक्षा घरातल्या आणि घराभोवतीच्या साचलेल्या स्वच्छ पाण्यात अधिक वाढतो. तुंबलेल्या पन्हळीतले पाणी त्याला फार सोयीचे. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. अंडी कोरड्या पत्र्याला चिकटून महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी मिळाले की पुन्हा जिवंत होतात. आरोग्य खाते आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा म्हणून सांगते, त्यामागचे कारण हे आहे. आपण माठ पालथे करतो, टाक्या घासतो, पण डोक्यावरची पन्हळ विसरतो. साचलेल्या नालीतले डास निराळे, त्यांचे रोग निराळे. वर आणि खाली, दोन्हीकडे पाणी अडले की रोगाची दोन्ही दारे उघडी!

आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आमचा जिल्हा पावसात बुडतो आणि उन्हाळ्यात तहानेने कासावीस होतो. 2018 च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी देणारे निळोणा आणि चापडोह हे दोन्ही प्रकल्प आटले, तेव्हा टँकरमागे धावणाऱ्या बायाबापड्या आपण सर्वांनी पाहिल्या. पांढरकवडा भागासह जिल्ह्यातल्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे प्यायल्याने मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडतात, पुढे सांधे आखडतात, हाडे वाकतात. पावसाच्या पाण्यात हे फ्लोराइड जवळजवळ नसते. वर सांगितलेल्या लहानशा घरावर वर्षाला 900 मिलिमीटर पाऊस धरला, तर 45 हजार लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी 36 हजार लिटर उरते. पिण्यास आणि स्वयंपाकास रोज वीस लिटर धरले, तर एका घराला वर्षाला 7 हजार 300 लिटर पुरतात. म्हणजे योग्य टाके बांधले तर घराची तहान घराचेच छप्पर भागवू शकते. पण त्यासाठी पन्हळ स्वच्छ हवी. पक्ष्यांची विष्ठा आणि कुजका पाला यांतून आलेले पाणी टाक्यात घेणार कोण? पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी सोडून द्यावे, पुढचे गाळून घ्यावे आणि पिण्यापूर्वी उकळावे. एवढी काळजी घेतली, तर जे पाणी भिंत पाडते तेच पाणी हाडे वाचवते.

मग हे काम कुणी करायचे? इथे आपली खरी अडचण सुरू होते. नाली म्हटली की आपल्याकडे ते ‘अमक्याचे काम’ ठरलेले. शतकानुशतके आपण घाण करायची आणि ती उचलायला काही जातींना जुंपायचे, असा आपला धर्म झाला होता. माणसाच्या हाताने मैला साफ करवून घेण्यास बंदी घालणारा 2013 चा कायदा आहे. त्याआधी 1993 चाही होता. कायद्याने बंदी आली, पण मनातली किळस आणि उच्चनीच गेली का? शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, शेंडगावला 1876 साली जन्मलेल्या डेबूजीने याचे उत्तर हातात झाडू घेऊन दिले. गाडगेबाबा ज्या गावी कीर्तनाला जात, तिथे आधी रस्ते आणि नाल्या झाडत आणि मग उभे राहत. त्यांच्या नावाने 2000 साली महाराष्ट्रात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गावे बक्षिसे मिळवतात, ही आनंदाची गोष्ट. पण समिती येऊन गेल्यावर नाली पुन्हा तुंबत असेल, तर आपण बाबांचा फोटो घेतला आणि झाडू मात्र सोडून दिला, असेच म्हणावे लागेल.

काही मित्र विचारतील, ‘मग ग्रामपंचायत, नगरपालिका कशासाठी?’ प्रश्न रास्त आहे. रस्त्यावरची नाली वाहती ठेवणे हे तिचेच काम, आणि ते होत नसेल तर ग्रामसभेत उभे राहून विचारले पाहिजे. पण आपल्या न्हाणीचे तोंड, आपली पन्हळ आणि आपल्या दारासमोरचा दोन हातांचा तुकडा साफ करायला नगरपालिका शिडी घेऊन येणार नाही. शिवाय आपले पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडून मोकळे होणे हीही स्वच्छता नव्हे. आमच्या गावात भावाभावांतली निम्मी भांडणे धुऱ्यावरून होतात आणि उरलेली पन्हळीच्या पाण्यावरून. ज्याने स्वतःचे छप्पर सांभाळले, त्यालाच सरकारकडे बोट दाखवण्याचा अधिकार पोचतो, असे माझे मत आहे.

यासाठी काही मोठी योजना नको. आपल्या पंचांगातच वेळ ठरलेली आहे. निंब फाल्गुन-चैत्रात पाने टाकतो, म्हणून रोहिणी लागताच पहिली सफाई. लिंबोळ्यांचा बहर सरला की पोळ्याच्या सुमारास दुसरी. पाऊस परतला की दसऱ्याला तिसरी. त्याच वेळी गंजलेला पत्रा बदलावा, सांधा भरावा, दहा फुटांमागे निदान अर्धा इंच उतार आहे की नाही ते बादलीभर पाणी ओतून पाहावे. शिडी धरायला खाली एक माणूस असावा, विजेची तार जवळ असेल तर वर जाऊ नये आणि ओल्या टिनावर पाय ठेवू नये. पन्हळीतून निघालेला पाला उकिरड्यात टाकावा. तो चांगले खत होतो.

आमची भिंत पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उभी राहिली. आता रोहिणी लागली की शिडी मी लावतो. खाली घमेले धरायला माझा धाकटा भाऊ असतो आणि ओसरीवरून आजी सूचना देत असते. पहिल्या वर्षी वरून बादली ओतली, पाणी खळखळत दुसऱ्या टोकाला गेले आणि मी खाली पाहिले. आजी काही बोलली नाही. तिने फक्त आपली खाट पुन्हा त्या भिंतीला लावली.