कुंपणाशी थांबणारा कॉल: ट्रायच्या अध्यक्षांना खुलं पत्र

माननीय अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण,
नवी दिल्ली यांस,



पत्राचं कारण आधी सांगतो, म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. आवाज, चित्र आणि मजकूर एकाच कॉलमधून नेऊ शकणारी यंत्रणा देशातल्या मोठ्या मोबाइल कंपन्यांनी कधीच बसवली आहे. कंपनीच्या हद्दीत ती छान चालते. एका कंपनीतून दुसरीत जाताना मात्र चित्र आणि मजकूर गळून पडतात, आवाज तेवढा पलीकडे पोचतो आणि तोही अनेकदा दर्जा उतरून. कंपन्यांच्या आपसातल्या जोडणीचे नियम ठरवायचा अधिकार संसदेनं १९९७ च्या कायद्यानं तुमच्या प्राधिकरणाला दिला आहे. तो या कामी वापरा, एवढीच विनंती आहे.

यंत्रणेचं पूर्ण नाव आयपी मल्टिमीडिया सबसिस्टिम. धंद्यातली माणसं नुसतं आयएमएस म्हणतात. तुम्हाला हे सांगायला नको, पण खुलं पत्र चार लोक वाचतात, म्हणून थोडं फोडून लिहितो. जुन्या पद्धतीत कॉल लागला की या टोकापासून त्या टोकापर्यंत एक वाट राखून ठेवली जायची. तुम्ही बोला किंवा गप्प बसा, वाट अडलेलीच. थ्रीजीपीपी या जागतिक मानक संस्थेनं आपल्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २००२ च्या सुमारास, दुसरा मार्ग आखून दिला. आता फोन चालू झाला की तो या यंत्रणेकडे गुपचूप आपली नोंद करतो. क्रमांक लावला की ‘सिप’ नावाच्या नियमांनुसार एक निमंत्रण निघतं आणि त्या निमंत्रणातच एक छोटी यादी असते: आवाज अमुक पद्धतीनं पाठवू शकतो, व्हिडिओ तमुक पद्धतीनं, आणि एकेक अक्षर टाइप होता होता समोरच्याला दिसेल असा मजकूरसुद्धा. पलीकडचा फोन त्यातलं स्वतःला जमेल ते निवडून उत्तर धाडतो. सिम तेच, क्रमांक तोच. ॲप उतरवायला नको, नवं खातं उघडायला नको, समोरच्यानं कोणतं ॲप घेतलंय हे विचारायलाही नको.

दूरसंचाराच्या परिषदांमध्ये ‘कंपन्यांनी हे नवं जाळं कसं स्वीकारावं’ यावर अजून व्याख्यानं होत असतात. आपल्याकडे त्याचं उत्तर ५ सप्टेंबर २०१६ रोजी मिळालं. त्या दिवशी जिओ सुरू झाली. इतर कंपन्यांचे ४जी फोन तोवर कॉल आला की २जी-३जीवर घसरायचे. कॉल जुळायला वेळ लागायचा, चालू असलेलं इंटरनेट थांबायचं किंवा रांगायचं. जिओपाशी मागे घसरायला जुनं जाळं नव्हतंच. त्यामुळे पहिल्या दिवसापासून तिचा प्रत्येक कॉल आयएमएसमधूनच जायचा होता. एका कंपनीनं परतीची वाट ठेवली नाही म्हणून बाकीच्यांना पळावं लागलं. एअरटेलनं वर्षभरात मुंबईत व्होल्टे, म्हणजे थेट ४जीवरून कॉलची सोय, आणली; व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये आल्या. २०१९ च्या डिसेंबरात एअरटेलनं आणि पुढच्या महिन्यात जिओनं वायफायवरून कॉलची सोय दिली. घरच्या वायफायमधून साधा कॉल येतो-जातो ही करामतही आयएमएसचीच.

थोडक्यात, जाळं बसलं. अडलंय ते जाळ्यांच्या मधल्या जागेत.

मिरजेला पूर्वी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही रुंदींचे रूळ येऊन मिळत. एका रुळावरचा माल पुढे न्यायचा तर डबा रिकामा करून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. दोन कंपन्यांची जोडणी जिथे अजून जुन्या सर्किट पद्धतीची आहे, तिथे आजही हेच घडतं. अलीकडे आयएमएस, पलीकडेही आयएमएस, आणि मध्ये ई-वन नावाचा ३० कॉलांचा जुना पाट, प्रत्येक कॉलला ६४ किलोबिटची जागा. आयएमएसमधला रुंद आवाज या पाटात शिरण्यासाठी चेपला जातो. साध्या फोनचा आवाज ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या पट्ट्यात बसवलेला असतो. व्होल्टेचा साधारण ५० ते ७,००० हर्ट्झचा. मधला बराचसा फरक वरच्या पट्टीतल्या व्यंजनांवर बेततो. ‘साठ’ की ‘आठ’ हे जुन्या लाइनवर पुन्हा विचारावं लागतं, कारण ‘स’चा सळसळाट बहुतांश त्या पट्टीच्या वर राहतो. व्हिडिओ आणि मजकुराला तर या पाटात जागाच नाही. निमंत्रणातली त्यांची ओळ सीमेवरच खोडली जाते.

या मधल्या जागेचा जोर केवढा असतो हे तुमच्या कार्यालयाइतकं कुणाला ठाऊक नसेल. जिओ सुरू झाल्यावर बाहेरच्या जाळ्यांवर जाणारे तिचे कॉल मोठ्या प्रमाणावर अडत होते. कारण एकच, आंतरजोडणीचे पुरेसे पोर्ट नव्हते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ट्रायनं तीन कंपन्यांवर मिळून ३,०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली. त्या काळचं सर्वांत आधुनिक जाळं जुन्या पोर्टांसाठी रांगेत उभं होतं, आणि भांडण होतं मिनिटामागच्या पैशांचं. पुढे तो पैसाच गेला. दुसऱ्या जाळ्यावर कॉल उतरवण्याचं शुल्क तुम्ही १४ पैशांवरून ६ पैशांवर आणलंत आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य केलंत. माझ्या मते ट्रायनं अलीकडच्या काळात केलेलं हे सर्वांत चांगलं काम. पण शुल्क गेल्यावर जोडणीकडे कुणाचं लक्षच राहिलं नाही. कॉल लागतोय ना, मग कुठून कसा जातोय याची फिकीर कोण करणार?

फिकीर कुणी करावी याचं एक चित्र सांगतो. पुण्यात एका अमृततुल्यात समोरच्या टेबलावर एक तरुण बसला होता. फोन पाण्याच्या पेल्याला टेकवून उभा, दोन्ही हात मोकळे. पडद्यावर एक मुलगी, आणि दोघांची सांकेतिक भाषेत जोरदार चर्चा चाललेली. मध्येच रेंज गेली असावी. तिचा हात अर्ध्या खुणेत गोठला. त्यानं फोन उचलून खिडकीकडे धरला, चित्र हललं, चर्चा पुढे सुरू. चहा निवून गेला तरी त्यांचं संपेना. ॲपवर हे उत्तम चालतं, त्यात वाद नाही. पण याच तरुणाला रात्री घरात धूर दिसला तर तो काय करेल? ११२ या आपत्कालीन क्रमांकाला ॲपवरून व्हिडिओ कॉल लागत नाही. दवाखान्याच्या स्वागतकक्षातला फोन, गॅस एजन्सी, बँकेची मदतवाहिनी, सगळे नुसते क्रमांक आहेत. क्रमांकावर लावलेल्या कॉलमधून फक्त आवाज जातो आणि या तरुणाला आवाज ऐकू येत नाही. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याची अक्षमता असलेल्यांची नोंद ५० लाखांच्या वर होती. म्हातारपणी कान गेलेली आपली सगळ्यांची आई-आजी त्या आकड्यात क्वचितच आली असेल.

यावरचा उपाय शोधायलाही नको. कॉल चालू असतानाच टाइप केलेलं अक्षर न अक्षर पलीकडे उमटत जातं, त्याला रिअल-टाइम टेक्स्ट म्हणतात. ‘पाठवा’ दाबायचं नाही; ‘आग ला’ एवढंच टाइप करून माणूस पळाला तरी तेवढं पोचलेलं असतं. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकानं डिसेंबर २०१६ मध्ये यासाठी नियम केले. युरोपीय संघाच्या सुगम्यता कायद्यानुसार २८ जून २०२५ पासून कॉलसेवेसोबत अशी मजकूरसेवा देणं बंधनकारक झालं आणि आपत्कालीन केंद्रांना २०२७ च्या जूनपर्यंत मुदत आहे. दोन्हीकडे मोबाइलवर ही सेवा चालते ती आयएमएसवरच. आपल्या खिशातल्या अनेक फोनांच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आधीपासून भरलेली असते. जाळ्यानं दार उघडायची वाट पाहत ती पडून आहे.

कंपन्यांचं उत्तर मला अंदाजानं ठाऊक आहे: व्हिडिओ कॉल लोक व्हॉट्सॲपवर करतात, आमच्या बटणाला कोण विचारतो? खरं आहे. आपल्याच कंपनीच्या ग्राहकाला लागणारा आणि दुसऱ्याला न लागणारा व्हिडिओ कॉल कोण वापरेल? समोरच्याचं सिम कुठलं हे आधी विचारायचं, क्रमांक दुसऱ्या कंपनीत नेलाय का ते विचारायचं, मग बटण दाबायचं! गंमत अशी, की याच कंपन्यांची संघटना ‘ॲपवाले आमचा धंदा खातात, त्यांनाही परवाना लावा, त्यांच्याकडून वाटा मिळवून द्या’ म्हणून वर्षानुवर्षं तुमच्या दारी येते. ॲपवाल्यांनी जे दिलं त्याचं मानक कंपन्यांच्या हातात व्हॉट्सॲप जन्माला येण्याच्या सात वर्षं आधी आलं होतं. फक्त एकमेकांशी जोडून घ्यायचं होतं. दक्षिण कोरियातल्या तिन्ही स्पर्धक कंपन्यांनी २०१५ मध्ये आपली व्होल्टे जाळी एकमेकांना जोडली, तीही गळेकापू स्पर्धा चालू असताना. त्यामुळे यापुढे वाट्याची मागणी घेऊन कुणी आलं, तर आधी एवढं विचारा, की तुमच्या ग्राहकाचा व्हिडिओ कॉल शेजारच्या कंपनीत लागतो का.

दुसरी शंका मात्र रास्त आहे. दार उघडलं की चित्रांसकट जाहिराती घुसतील. मल्टिमीडिया संदेशांचं नवं मानक, आरसीएस, आपल्याकडे आलं तेव्हा कर्जाच्या आणि विम्याच्या जाहिरातींनी ते इतकं बरबटलं, की २०२२ मध्ये गूगलला भारतातल्या जाहिराती थांबवाव्या लागल्या. पण इथे तुमच्याच एका शिफारशीची मदत होईल. कॉल करणाऱ्याचं नाव पडद्यावर दाखवण्याची सेवा तुम्ही फेब्रुवारी २०२४ मध्ये सुचवलीत. नाव दिसलं की जाहिरातवाला ओळखता येईल. शिवाय नाव दाखवायला एका कंपनीच्या यंत्रणेला दुसरीकडे विचारणा करावी लागते. जाळी अशी एकमेकांशी बोलणारच असतील, तर मजकूर आणि चित्रासाठीही वाट करता येईल. एवीतेवी वाट खणायचीच आहे तर एकदाच खणा. आमच्या शहरात रस्ता आधी पाइपसाठी, मग केबलसाठी, मग पुन्हा पाइपसाठी उकरतात, त्याची आम्हाला सवय आहे. तुमच्याकडून तशी अपेक्षा नाही.

घाईही नको, हे ऑस्ट्रेलियाकडून शिकावं. तिथे उरलेली ३जी जाळी २८ ऑक्टोबर २०२४ पासून बंद होऊ लागली. ४जीवरून त्यांच्या ००० या आपत्कालीन क्रमांकाला कॉल लावू न शकणारे फोन कंपन्यांनी जाळ्यातून बाद केले. त्यात दिसायला ठणठणीत ४जी फोनही होते, कारण नुसतं ४जी असून भागत नाही, त्या देशातल्या व्होल्टेशी फोनचं जुळावं लागतं. मेलबर्न-सिडनीला मुलांकडे निघालेल्या आई-बाबांनी फोन इथूनच नेण्याआधी हे तपासलेलं बरं. आपल्याकडे उद्या २जी आवरायला घेतलं, तर बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी विकला जाणारा हजार-दीड हजाराचा बटणांचा फोन व्होल्टेवरून ११२ लावतो की नाही, हे डब्यावर मराठीत छापलेलं असलं पाहिजे. नियम करायला ही सर्वांत सोपी गोष्ट, आणि म्हणूनच राहून जाणारी.

सुरुवात कुठून करावी, याबाबत एक सूचना. भारत संचार निगमचं स्वदेशी ४जी २७ सप्टेंबर २०२५ रोजी झारसुगुड्याहून राष्ट्राला अर्पण झालं. त्याचा गाभा सी-डॉटचा, रेडिओ तेजसचा, बांधणी टीसीएसची. सॉफ्टवेअर आपलं असेल तर परदेशी पुरवठादाराच्या दरपत्रकाची वाट न पाहता त्यात बदल करता येतो, असं तेव्हा सांगितलं गेलं. मग पहिला बदल हा करावा. निगम आणि एखादी तयार खाजगी कंपनी यांच्यात महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये पूर्ण आयपी जोडणी करून आवाज, व्हिडिओ आणि मजकूर तिन्ही जाऊ द्यावेत, आणि कॉल जुळायला किती वेळ लागला, किती कॉल मधेच जुन्या जाळ्यावर घसरले, हे आकडे दर महिन्याला लोकांसमोर ठेवावेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या तुमच्या सेवादर्जाच्या नियमावलीत कंपन्यांकडून आकडे मागायची तरतूद आहेच.

१९९७ च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये सेवा देणाऱ्यांमधली तांत्रिक सुसंगती आणि परिणामकारक आंतरजोडणी राखणं हे तुमचं काम म्हणून नोंदवलेलं आहे. त्या आधारे जुन्या सर्किट जोडणीला शेवटची तारीख द्या. ‘दोन्ही कंपन्या राजी असतील तर’ ही पळवाट ठेवू नका. राजी व्हायला मोठ्या कंपनीला कधीच घाई नसते. व्हिडिओ आणि मजकुरावरही पोचवण्याचं शुल्क शून्यच ठेवा. आणि ११२ च्या केंद्रांत मजकूर वाचणारा पडदा आणि सांकेतिक भाषेचा दुभाषा असावा, यासाठी दूरसंचार विभाग आणि गृह मंत्रालय यांच्याशी तुम्ही स्वतःहून पत्रव्यवहार सुरू करा. सल्लामसलतीचा मसुदा निघेल तेव्हा त्याचं भाषांतर मराठीत आणि एक आवृत्ती भारतीय सांकेतिक भाषेतल्या व्हिडिओच्या रूपात काढा, म्हणजे ज्यांचा हा विषय आहे त्यांनाही मुदतीच्या आत उत्तर देता येईल.

कळावे,

आपला,
एक मोबाइल ग्राहक, पुणे