मिश्रीबद्दल बोलणारा रेडिओ कुणाचा?

गेल्या पंधरवड्यात मावळातल्या तीन-चार व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच ऑडिओ क्लिप फिरतेय. मराठी बाईचा आवाज, बोलणं एकदम घरगुती. आधी मिश्रीने हिरड्यांचं काय होतं, गरोदर बाईने मिश्री का लावू नये, सकाळी उठल्या उठल्या हात मिश्रीच्या डबीकडे जातो तेव्हा दुसरं काय करावं. मग बायबलमधलं एक वचन आणि शेवटी छोटी प्रार्थना. खाली कमेंट काय? एकाने लिहिलं, "आता रेडिओवरून धर्मांतर सुरू झालं, जागे व्हा." दुसऱ्या दादांनी लिहिलं, "ताई बरोबर सांगतात, आमच्या मातोश्रींना ऐकवली." मग दोघांची जी जुंपली ती अजून मिटलेली नाही. ॲडमिनने ग्रुप दोनदा बंद केला.

मी ती क्लिप दोनदा ऐकली. जवळपास सगळं बोलणं मिश्रीवर, देवाचं बोलणं शेवटी थोडंसं. भांडण मात्र त्या थोड्याशावरच. मिश्रीवर एकानेही अक्षर लिहिलं नाही. आणि मिश्री आपल्याकडे किती आहे हे मी वेगळं सांगायला नको. लावणीला गेलेल्या बायकांच्या घोळक्यात डबी कशी फिरते ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे (ती किती आहे ते कामशेतच्या कुठल्याही टपरीवर कळेल), पण मिश्री घरीच तव्यावर भाजली जाते. तिच्यावर धाड कोण घालणार?

ही क्लिप कुठल्या संस्थेची हे तिच्यावर कुठे म्हटलेलं नाही. पण असा कार्यक्रम ही काही नवी गोष्ट नाही, आणि परदेशातून अचानक येऊन पडलेलीही नाही. याचं एक मोठं घर आपल्या पुण्यातच आहे. स्वारगेटवरून पुढे गेलं की सॅलिसबरी पार्क लागतं. तिथे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचं बस्तान कित्येक दशकांचं आहे. होसूरला जाण्याआधी त्यांचं दक्षिण आशियाचं मुख्यालय इथेच होतं. त्यांचा ओरिएंटल वॉचमन छापखाना इथलाच, आणि 'हेराल्ड ऑफ हेल्थ' हे आरोग्याचं मासिक तिथूनच निघायचं. औंधचं स्पायसर कॉलेजही त्यांचंच. हे लोक रविवारऐवजी शनिवार पाळतात, दारू-तंबाखूला हात लावत नाहीत, पुष्कळजण शाकाहारी असतात. म्हणजे खाण्यापिण्यापुरतं बघितलं तर आपल्या माळकऱ्यांच्या पंगतीत सहज बसतील. सिगारेट सोडवण्यासाठी पाच दिवसांचा वर्ग ही कल्पना या पंथाच्या लोकांनी १९६०च्या दशकात अमेरिकेत चालवली आणि ती पुढे जगभर गेली. त्यांच्या धर्मात आरोग्य नंतर जोडलेलं नाही, ते मुळातच आहे.

त्यांचा ॲडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओ १९७१ साली सुरू झाला. १९८७ पासून प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर त्यांचं स्वतःचं शॉर्टवेव्ह केंद्र आहे. त्यांच्या भाषांमध्ये मराठी आहे. पुण्यात बोलायचं, रेकॉर्ड करायचं, आणि ते समुद्रापलीकडून परत आपल्याच आकाशात यायचं. हा एवढा वळसा कशाला? कारण कायदा. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यापासून आपल्या हवेतल्या लहरींवर सरकारची एकट्याची मालकी होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं की या लहरी जनतेची मालमत्ता आहेत, तेव्हा कुठे दार किलकिलं झालं. त्याआधी ज्याला सरकारशिवाय बोलायचं असेल त्याला देशाबाहेरच जावं लागे. रेडिओ सिलोन आपल्या घराघरात शिरला तो असाच. आकाशवाणीवर सिनेमाची गाणी नकोत म्हणणारे मंत्री बाळकृष्ण केसकर हे आपले मराठीच. लोकांनी शांतपणे काटा फिरवला आणि सिलोन लावलं. त्याच सिलोनवर या पंथाचा 'व्हॉइस ऑफ प्रॉफेसी' हा कार्यक्रमही लागायचा, आणि त्याची टपालाने चालणारी बायबल शाळा पुण्यातून चालायची.

रेडिओचं वेड असलेली एक जुनी पिढी आपल्याकडे होती. लोणावळ्यात रेल्वेतून रिटायर झालेल्या अशा एका काकांकडे मी जगभरच्या रेडिओ केंद्रांची कार्डं पाहिली आहेत. तुम्ही केंद्राला कळवायचं की अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक मीटरवर तुमचा आवाज असा असा आला. केंद्र तुम्हाला छापील कार्ड पाठवणार. क्यूएसएल कार्ड म्हणतात त्याला. काका पक्के रामदासी. पण ख्रिस्ती केंद्रांची कार्डंही त्यांनी जपून ठेवलेली. मी विचारलं, का? म्हणाले, "अरे, उत्तर पाठवायचे ते." बास, एवढंच.

या वाक्यावर मी बराच विचार केलाय. पत्राला उत्तर. आपल्या तालुक्यात कुठल्या कार्यालयाला पत्र लिहिलं तर उत्तर येतं हो?

आता माझं मत सांगतो, दोन्ही बाजूंना आवडणार नाही.

पहिलं, ज्यांना या क्लिपमध्ये कट दिसतो त्यांना. मराठीत ख्रिस्ती माणूस आरोग्य, शिक्षण आणि देव हे एका दमात बोलतो याला पावणेदोनशे वर्षं होऊन गेली. 'ज्ञानोदय' १८४२ चा. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना काढला, तिथे किती जातीधर्माच्या पोटांवर टाके पडले असतील मोजा. पंडिता रमाबाईंचं केडगाव आपल्याच जिल्ह्यात, दौंडकडे. रेव्हरंड टिळकांना मराठी कवितेतून काढून दाखवा. यांच्यातल्या काहींनी धर्म वाढवायलाच काम केलं, तसं उघड सांगितलंही. ते तुम्हाला पटत नसेल तर तसं म्हणा, वाद घाला. लबाडीने, धाकाने कुणी काही करत असेल तर पोलीस ठाणं आहे. पण मिश्री सोड म्हणणाऱ्या बाईला गावाची शत्रू ठरवायचं आणि घरात मिश्रीची डबी तशीच ठेवायची, याला मी जागं होणं म्हणणार नाही. आणि देवाच्या नावाने व्यसन सोडवायची रीत आपल्याला काय नवीन आहे? गाडगेबाबांनी कीर्तनातून दुसरं काय केलं? भंडाऱ्याच्या पायथ्याशी सप्ताहात बसलेला माणूस माळ घालतो आणि बाटली सोडतो, तेव्हा आपण टाळ्याच वाजवतो ना?

दुसरं, ज्यांना ही क्लिप फार आवडली त्यांना. त्याच ग्रुपवर चार दिवसांनी दुसरी एक क्लिप आली. वेगळा आवाज, वेगळी सभा. मंतरलेलं तेल लावा, विश्वास ठेवा, शुगरच्या गोळ्या बंद करा. लोकांनी तीही "आमेन" म्हणून पुढे ढकलली. इथे मात्र मी हात जोडतो. गोळ्या बंद करायला सांगणारा पास्टर असो, बाबा असो, मौलवी असो की काढेवाला वैदू, त्याचं बोलणं पुढे पाठवू नका. जादूटोण्यासारख्या उपचारांच्या जाहिरातींवर १९५४ पासून केंद्राचा कायदा आहे, २०१३ पासून राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा आहे. कायदा राहू द्या, आपल्या मावळात याची किंमत काय पडते ते बघा. भातखाचरात माणसाला घोणस चावते, रात्री जमिनीवर झोपलेल्या पोराला मण्यार चावते. मण्यारीचा दंश कित्येकदा दिसतही नाही, सकाळी पोटात दुखतं म्हणून पोर रडतं आणि पापण्या मिटायला लागतात. तेव्हा एकेक तास मोलाचा. प्रतिविष द्यावं लागतं, आणि ते भगताच्या अंगणात मिळत नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर कोकणातल्या साध्या दवाखान्यात बसून जगाने मानलेलं काम केलं. मंत्राने उतरतो म्हणणाऱ्या गावांत राहूनच केलं. पेशंटची नोंद ठेवली, औषध देऊन बघितलं, लिहून काढलं.

आणि श्रद्धा व तपासणी एकत्र नांदत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी लोणावळ्यात कैवल्यधामला जाऊन यावं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये ते काढलं. माणूस संन्यस्त वृत्तीचा, पण योगाने अमुक होतं असं नुसतं म्हणायला तयार नाही. क्रिया करताना पोटातला दाब मोजला, क्ष-किरणांनी बघितलं, आणि त्याचं त्रैमासिक त्याच वर्षी सुरू केलं. आपल्या गावात शंभर वर्षांपूर्वी हे झालेलं आहे. मग रेडिओवर, व्हॉट्सॲपवर, मंडपात, आरोग्याबद्दल जो कुणी बोलेल त्याला हाच नियम लावायचा. देवाबद्दल काय बोलायचं ते बोल बाबा, औषधाबद्दल बोलशील तर डॉक्टरसमोर टिकेल असं बोल.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. ती मिश्रीवाली क्लिप एवढी फिरली का? कारण आपल्या बोलीच्या जवळ जाणाऱ्या मराठीत, आपल्या घरातल्या गोष्टीवर, रोज ठरल्या वेळी बोलणारं दुसरं कुणी नाही. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, तिन्ही खोरी डोंगरांच्या आड. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की खरखर. जे लागतं ते पुण्या-मुंबईचं. त्यात कोथरूडचे फ्लॅट आणि अंधेरीचा ट्रॅफिक. आकाशवाणी पुणे १९५३ पासून आपलं, सकाळच्या बातम्या आपल्या. जून २०२३ मध्ये तर तो बातम्यांचा विभागच पुण्यातून हलवायचा आदेश निघाला होता, ओरड झाली म्हणून थांबला. पण एक पुणे केंद्र वळवण ते वेल्हे कुणाकुणाचं बघणार?

आठवून बघा. ३० जून २०२४, रविवार, भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाचजण वाहून गेले. पुढच्या वर्षी १५ जूनला, पुन्हा रविवार, कुंडमळ्याचा पूल पर्यटकांसकट इंद्रायणीत कोसळला, चार जीव गेले. वर पाऊस किती पडतोय, खाली पाणी किती वेळात येईल, हे त्या सकाळी दर अर्ध्या तासाला सांगणारा एक स्थानिक आवाज हवा होता. तेव्हढ्याने सगळे वाचले असते असं मी म्हणत नाही. पण २०१४ मध्ये आंबेगावातलं माळीण डोंगराखाली गेलं हे जगाला कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळे, त्याला गाव जागेवर दिसलं नाही म्हणून. त्या दुर्घटनेत दीडशेवर माणसं गेली. आपल्याकडेही तशाच उतारांवर वाड्या आहेत, आणि लोणावळ्याचा पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे जातो.

यावर सरकारनेच एक वाट ठेवली आहे, सामुदायिक रेडिओ. आधी २००२ पासून शिक्षणसंस्थांना, मग २००६ पासून सामाजिक संस्थांना. ताकद थोडी, साधारण पाच-पंधरा किलोमीटर, डोंगरात त्याहून कमी. धार्मिक संस्थांना आणि राजकीय पक्षांना परवाना मिळत नाही. मला हा नियम बरोबर वाटतो. एका खोऱ्यात एकच छोटं केंद्र असणार, ते कुठल्याच देवाच्या किंवा झेंड्याच्या ताब्यात नको. चर्चच्या नाही, मठाच्या नाही, आणि आमदारांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या तर नाहीच नाही. बातम्या मात्र स्वतःच्या देता येत नाहीत, फक्त आकाशवाणीच्या. हे मला पत्रकार म्हणून झोंबतं. पण हवामान, वाहतूक, वीज-पाणी, परीक्षा, नोकरी, आपत्तीच्या आणि आरोग्याच्या सूचना यांना सरकार बातमी धरत नाही. म्हणजे आपल्याला जे हवं ते जवळजवळ सगळं चालतं.

म्हसवडला माणदेशी बायकांनी २००८ पासून 'माणदेशी तरंग वाहिनी' चालवली आहे. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची 'वसुंधरा वाहिनी' आहे. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' आहे. दुष्काळी माणला जमतं ते धरणांच्या तालुक्याला जमू नये? आपल्याकडे वडगावला भात संशोधन केंद्र आहे, तळेगावात कॉलेजं आहेत, कान्हे-लोणावळ्यात सरकारी डॉक्टर आहेत, ठाकर-कातकरी वाड्यांवर वर्षानुवर्षं राबणाऱ्या संस्था आहेत. त्यातल्या काही संस्थांत सिस्टर काम करतात, काहींत संघाचे लोक, काहींत राष्ट्र सेवा दलाचे. परवाना धर्माच्या नावाने नको, पण माइकसमोर सगळे येऊ देत. सर्पदंशावर सिस्टरला जास्त माहीत असेल तर तिने सांगावं. बालविवाहावर कीर्तनकाराने बोलावं. प्रार्थना, हरिपाठ, नमाज ज्याने त्याने आपापल्या घरी.

आणि सॅलिसबरी पार्कवाल्यांची एक सवय मात्र उचला. कार्यक्रमाच्या शेवटी पत्ता सांगा, आलेल्या प्रत्येक पत्राला, प्रत्येक व्हॉइस मेसेजला उत्तर द्या.

संस्था नोंदून तीन वर्षं झालेली हवीत. अर्ज दिल्लीला, माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे करायचा. तालुक्यातल्या ज्या कॉलेजला किंवा संस्थेला यात रस असेल त्यांनी इनबॉक्सला कळवा, कागदपत्रांच्या धावपळीला मी येतो. पहिला कार्यक्रम मिश्रीवर करू. मिश्री सोडलेल्या तीन मावश्या माझ्या ओळखीच्या आहेत, पवन मावळातल्या, बोलायला तयार आहेत. फक्त लावणी उरकू दे म्हणतात.